साडेबाराचे फोन

गोव्यात कुठल्याही कामाची सुरुवात चौकशीने होते. "तूं खंयचो?" गाव सांगितलं की वाडा विचारतात, वाडा सांगितला की बापाचं नाव, मग आजोळ. शेवटी समोरचा माणूस खुर्चीत मागे रेलतो आणि म्हणतो, "म्हणजे तू आमच्या भावोजींच्या मावसभावाचा मुलगा की रे!" इथवर पोचलं की निम्मं काम झालं असं धरायचं. कामाचा कागद अजून पिशवीतच असतो.

राज्य केवढं, तर 3,702 चौरस किलोमीटर. 2011 च्या जनगणनेत माणसं 15 लाखांच्याही आत. त्यात देवस्थानाचे महाजन, गावचा फुटबॉल क्लब, नाटकाची मंडळी, शेजारच्या वाड्यावरचं चर्चचं फेस्त, जत्रेतले वर्षातून एकदा भेटणारे पाहुणे. त्यामुळे मोबाइलवर कोणी सुटाबुटातला मार्गदर्शक येऊन "नेटवर्किंग वाढवा, आयुष्य बदला" असं सांगायला लागला की मला हसू येतं. आमचं नेटवर्किंग बारशालाच उरकलेलं असतं.

तरी एक कोडं मला बरीच वर्षं सुटत नव्हतं. इतक्या ओळखी असलेल्या आमच्या घरातली मिळकत जागची का हलत नव्हती?

बाबा मायनिंगवर होते. आमच्या डिचोली तालुक्यात त्या काळी "कामाला कुठे?" असं विचारलं तर दहातले निम्मे लोक हेच उत्तर द्यायचे. बाबा वजनकाट्यावर बसायचे. भरलेला ट्रक आला, वजन. चलन फाडलं, पुढचा. माल जेटीवर, तिथून बार्जने मांडवीतून मुरगाव बंदराकडे. त्या काट्यावरून अर्धा तालुका रोज ये-जा करायचा आणि बाबांना प्रत्येक ड्रायव्हरचं घर माहीत असायचं. कोणाचा ट्रक कुठल्या बँकेच्या कर्जावर आहे, कोणाची मुलगी लग्नाची आहे, कोण गॅरेजवाल्याचं देणं लागतो, सगळं. आमच्या घरी चतुर्थीला गणपतीवरच्या फळाफुलांच्या माटोळीखाली बसायला जागा पुरायची नाही, इतकी माणसं यायची.

2012 च्या सप्टेंबरात बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल संसदेत आला, काही दिवसांतच राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही बंदी घातली. बाबांनी फोनची वही काढली. ट्रकवाल्याला लावला, तर त्याचा ट्रक घरासमोर उभा. गॅरेजवाल्याला लावला, तर ट्रक चालत नाहीत म्हणून गॅरेज बंद. बार्जवरचा तांडेल, पंपावरचा मॅनेजर, जेटीजवळचा चहावाला, कोणाकडेच काही नव्हतं. ज्याला बाबा फोन करणार होते, तोच बाबांना फोन करायच्या बेतात असायचा. वहीतली सगळी पानं एकाच दिवशी रद्द झाल्यासारखी झाली. ती माणसं चांगली होती, अडल्यानडल्याला धावणारी होती. पण सगळी एकाच जागी उभी होती, आणि ती जागाच खचली होती. पुढे काही काळ खाणी पुन्हा सुरू झाल्या. फेब्रुवारी 2018 मध्ये न्यायालयाने खाणींच्या 88 लीजेस रद्द केल्या, आणि मार्चपासून पुन्हा तेच. तोवर बाबांनी वही काढायचं सोडून दिलं होतं.

मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने हीच गोष्ट कितीतरी आधी, 1973 साली, एका शोधनिबंधात मांडली होती, हे मला फार उशिरा कळलं. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या माणसांना त्याने साधा प्रश्न विचारला: ज्याच्याकडून नोकरीची खबर लागली, त्याला तुम्ही त्या काळात किती वेळा भेटत होता? वरचेवर भेटणारे निघाले 16.7 टक्के. अधूनमधून भेटणारे 55.6 टक्के. क्वचितच भेटणारे 27.8 टक्के. म्हणजे खबर आणणारी माणसं बहुतेक ओझरत्या ओळखीची. जिवाभावाचा मित्र आपल्यासाठी जीव टाकेल, पण त्याला माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीतच असतं. लांबच्या माणसाला आपली फारशी पर्वा नसते, तरी तो रोज दुसऱ्या रस्त्याने चालतो.

न्यूटनमधली पाहणी लहान होती, म्हणून पुढे लोकांनी तिच्यावर शंकाही घेतल्या. 2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनवरच्या जवळजवळ 2 कोटी लोकांवरचा, पाच वर्षं चाललेल्या प्रयोगांचा अभ्यास आला. त्यातूनही साधारण तेच निघालं, एका दुरुस्तीसह: सगळ्यात उपयोगी ठरतात त्या मध्यम पातळ ओळखी. अगदी घट्टही नव्हेत आणि नुसतं नावापुरतं यादीत असलेलंही नव्हे. मला ही दुरुस्ती मूळ सिद्धांताहून जास्त आवडते, कारण माझ्या बाबतीत जे घडलं ते नेमकं या मधल्या पट्ट्यात.

साखळी गावच्या सरकारी कॉलेजातून बी.कॉम. होऊन मी बाहेर पडलो तेव्हा घरात मायनिंगचा सुतकी काळ चालू होता. किनाऱ्याकडे जाण्याखेरीज मार्ग नव्हता. डिचोलीच्या माणसाला कांदोळी-कळंगुट म्हणजे दुसरा देश. बसने पाऊण-एक तासाचं अंतर, पण आमच्या वाड्यावरचं कोणी तिथे कामाला नव्हतं. एका मध्यम हॉटेलात रात्रपाळीचा हिशेबनीस म्हणून लागलो. हुद्द्याचं नाव भारी, नाईट ऑडिटर. काम असं की मध्यरात्रीनंतर हॉटेलचा दिवस बंद करायचा. प्रत्येक खोलीचं भाडं त्या त्या बिलावर चढवायचं, रेस्टॉरंट आणि बारची बिलं पडताळायची, कार्ड मशीनचा हिशेब आणि गल्ल्यातली रोकड जुळवायची, मग संगणकात तारीख पुढे ढकलायची. सगळं नीट जुळलं तर दोन-अडीचला मोकळा. मग सकाळच्या विमानाचे पाहुणे उठेपर्यंत शांतता, मागच्या गल्लीतली कुत्री आणि पाववाल्या पोदेराच्या भोंप्याची वाट.

या कामात एक रीत होती, जी बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. रात्री साडेबाराच्या सुमारास आजूबाजूच्या हॉटेलांतले नाईट ऑडिटर एकमेकांना फोन करतात. "किती भरलं?" "अडुसष्ट." "सरासरी?" "बत्तीसशे." म्हणजे किती टक्के खोल्या भरल्या आणि खोलीमागे सरासरी काय भाव मिळाला. सकाळी मॅनेजरच्या टेबलावर स्वतःच्या आकड्यांशेजारी शेजाऱ्यांचे आकडे लागतात, म्हणून ही देवाणघेवाण. अर्ध्या मिनिटाचा फोन. समोरचा चेहरा कधी बघितलेला नसतो. एक जण सावंतवाडीचा होता, एक हुबळीचा, एक मडगावचा, पोर्तुगीज वळणाचं कोकणी बोलणारा, एक मणिपूरची मुलगी जिचं हिंदी माझ्याहून चांगलं होतं. रोज रात्री अर्धं मिनिट, कधी काम कमी असलं तर पाच मिनिटं. तुझ्याकडे पगार कधी होतो, ओव्हरटाइम देतात का, नवीन सॉफ्टवेअर कसं आहे, जेवण काय देतात. या माणसांना मी मित्र म्हणणार नाही. त्यातल्या कोणाच्या लग्नाला मी गेलो नाही. पण कांदोळीपासून कोलव्यापर्यंतच्या पट्ट्यात कुठे काय चाललंय हे मला तिसऱ्या दिवशी कळायचं, आणि आमच्या सगळ्या वाड्याला मिळून ते कळलं नसतं.

तरीही नुसत्या फोनांनी काही झालं नसतं. फोन करणारे सगळेच होते.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला, तोही ऐन पावसाळ्यात. गोव्यात पावसाळ्यात खोल्या निम्म्या भावाने जातात. पाटीवर 8,000 आणि पाहुण्याला प्रत्यक्षात 4,000. कराचा दर मात्र तेव्हा ठरायचा तो छापील भाड्यावर. 1,000 ते 2,500 ला 12 टक्के, 2,500 ते 7,500 ला 18, त्याच्या वर 28. म्हणजे 4,000 ला विकलेल्या खोलीवर दर लागायचा 28 टक्क्यांचा. पाहुणा काउंटरवर भांडायचा, मॅनेजर अकाउंटंटकडे बोट दाखवायचा, अकाउंटंट सीएकडे, आणि सीएचा फोन लागायचा नाही. रात्री बारा वाजता बिल फाडणारा मी, तेव्हा भांडण शेवटी माझ्याच पुढ्यात.

मी ती अधिसूचना वाचायला घेतली. इंग्रजी सरकारी, एक वाक्य अर्धं पान. पहिल्या वाचनात काही कळलं नाही, दुसऱ्यात शब्द कळले, नंतर केव्हातरी अर्थ. सुट्टीच्या दिवशी पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जाऊन बसायचो. 1832 साली सुरू झालेलं हे ग्रंथालय देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक, पण मला त्याची थोरवी वाटायची ती अभ्यासाच्या टेबलांमुळे आणि गार हवेमुळे. आजूबाजूला स्पर्धा परीक्षांची मुलं. त्यांच्यात बसलं की झोप येत नाही, लाज वाटते. तिथे एका वहीत मी मराठीत प्रश्न-उत्तरं उतरवून काढली. जादा खाट दिली तर? नाश्ता भाड्यात धरला असेल तर? आगाऊ रक्कम जूनमध्ये घेतली आणि पाहुणा जुलैत आला तर? खोलीचं बिल कंपनीच्या नावावर हवं असेल तर? पुस्तकात अशी उत्तरं नव्हती. नियम वाचून, आमच्या सीएच्या ऑफिसातल्या मुलाला विचारून, एकेक जुळवत गेलो.

मग साडेबाराच्या फोनवर कोणीतरी कुरकुरायचं, "अरे, हे अठ्ठावीसचं काय लफडं?" आणि मी सांगायचो. पुढच्या रात्री तोच म्हणायचा, "काल तू सांगितलंस ते आमच्या साहेबांनाही सांगितलं, बरोबर निघालं." महिन्याभरात असं झालं की मी ज्यांना कधी फोन केला नव्हता अशा हॉटेलांतून फोन यायला लागले. तिथे कोणी मला "तूं खंयचो?" विचारत नव्हतं. माझ्या नावापुढे गाव नव्हतं, बाप नव्हता. "तो खोलीच्या जीएसटीवाला" एवढीच माझी ओळख. 27 जुलै 2018 पासून नियम बदलला आणि कर प्रत्यक्ष घेतलेल्या भाड्यावर आला, तेव्हा त्या सगळ्यांना तीन ओळींचा निरोप मीच आधी पाठवला. कोणी मागितला नव्हता.

त्या मडगावच्या माणसाने नोकरी बदलून बाणावलीच्या बाजूच्या एका मोठ्या हॉटेलात उडी मारली होती. तिथे अकाउंट्समध्ये जागा झाली तेव्हा त्याने माझं नाव सांगितलं. मुलाखतीच्या दिवशी आम्ही प्रथमच एकमेकांना बघितलं. मी त्याला उंच आणि बारीक समजत होतो, निघाला अगदी उलट. पगार आधीच्या जवळजवळ दीडपट झाला आणि मी दिवसाउजेडी काम करायला लागलो. ज्याने ओळख करून दिली त्याला माझं कूळ आजही माहीत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. ओळखीच्या माणसाला तुमचं काम करून द्यायचं असेल, तर दुसऱ्याला सांगण्यासारखं काहीतरी त्याच्या हाती लागलं पाहिजे. "चांगला मुलगा आहे, आपला आहे" हे सांगून मॅनेजर जागचा हलत नाही. "रूमचा जीएसटी याला पाठ आहे" म्हटलं की खुर्ची पुढे सरकते.

आता जरा नाक मुरडण्याचा हक्क बजावतो. करोनानंतर पर्वरी, आसगाव, शिवोली या भागांत बाहेरून आलेली, लॅपटॉपवर जगणारी मंडळी स्थिरावली आणि त्यांच्याबरोबर नेटवर्किंगच्या संध्याकाळी आल्या. मीही गेलो आहे. छातीवर नावाचा स्टिकर, हातात कोकमचं काहीतरी महागडं पेय, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या खांद्यावरून तिसऱ्याकडे बघत बोलतोय. क्यूआर कोड स्कॅन करून घरी आलो की मोबाइलमध्ये तीस नवी नावं, आणि त्यातला एकही चेहरा आठवत नाही. त्या हॉलमध्ये सगळेच विकायला आलेले असतात. घेणारा एकही नसतो. आमच्या गावच्या तिंट्यावर, म्हणजे बाजारचौकात, निदान भजी तरी मिळतात.

दुसऱ्या टोकाला आमची अस्सल गोमंतकीय रीत आहे, मंत्र्याच्या नाहीतर आमदाराच्या दारातली सकाळची रांग. हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये बायोडेटा, बरोबर मामा किंवा पंच. सरकारी नोकरीचं वेड मला समजतं; मायनिंग बुडालेलं बघितलेल्या घरात वाढलोय, पेन्शन आणि पहिल्या तारखेचा पगार काय असतो ते मला कोणी सांगायला नको. पण 2024 च्या शेवटी गोव्यात एकामागून एक जे अटकसत्र चाललं, सरकारी नोकरी देतो म्हणून लाखो रुपये उकळल्याच्या तक्रारींचं, त्यात फसलेल्यांना गाठणारे बहुधा ओळखीतूनच आले होते. कोणीतरी "आपला माणूस आहे" असं म्हटलं आणि घरातलं सोनं बँकेत गहाण गेलं. ओळखीवरचा हा आंधळा विश्वास आपल्याकडे माणुसकी म्हणून मिरवला जातो. मला तो आळस वाटतो. तयारीच्या जागी आपण ओळख उभी करतो.

मात्र गावाची ओळख कुचकामाची असं म्हणणं अन्याय होईल. मुंबईत धोबीतलावाला, माझगावला गोंयकारांच्या कुडी होत्या, काही अजून आहेत. गावागावाची वेगळी कूड. त्या गावचा ख्रिस्ती दर्यावर्दी जहाज मिळेपर्यंत तिथे राहायचा. नाममात्र भाडं, एक पेटी ठेवण्यापुरती जागा, भिंतीवर आल्तार म्हणजे देवघर, आणि संध्याकाळी सक्तीचा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. तिथे सगळे एकाच गावचे, एकाच धर्माचे, बऱ्याचदा एकाच वाड्याचे. ग्रॅनोव्हेटरच्या हिशेबाने असल्या घट्ट गोतावळ्यातून नवी खबर निघायला नको. पण निघायची, कारण प्रत्येक जण वेगळ्या जहाजावरून परतलेला असायचा. एकाला माहीत असायचं कुठल्या कंपनीत बटलरची जागा आहे, दुसऱ्याला कुठला कप्तान पगार बुडवतो. पेट्या एका खोलीत, माणसं जगभर. माझ्या बाबांच्या वहीतली माणसं जर अशी पांगलेली असती, तर तीच वही 2012 ला सोन्याची ठरली असती.

आणि आपल्याच मातीतलं एक उदाहरण मला सारखं आठवतं, धर्मानंद कोसंबींचं. जन्म 1876 चा, तेव्हाच्या सासष्टीतल्या साखवाळचा. शाळा जेमतेम, घरी माडांची बागायत. 'बालबोध' मासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं आणि या माणसाच्या डोक्यात बौद्ध धर्माचं मूळ ज्ञान मिळवायचं भूत बसलं. 1899 च्या अखेरीस घरातून निघाले. घरी बायको आणि लहान मुलगी, हाताशी पैसे जवळपास नाहीत, पुढच्या गावात ओळखीचं कोणी नाही. पुण्याला रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना जाऊन भेटले. पुढे काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. नेपाळ, मग सिलोन, तिथे पाली, ब्रह्मदेश, कलकत्ता, तिथे पालीचं अध्यापन. बडोद्याच्या सयाजीरावांनी महाराष्ट्रात राहून काम करण्यासाठी महिना 50 रुपये देऊ केले आणि 1910 साली हार्वर्डच्या प्राध्यापक वुड्स यांच्यामुळे ते अमेरिकेला पोचले, 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी.

त्यांचं आत्मचरित्र मराठीत आहे आणि मी ते एका दमात वाचलं. वाचताना माझं लक्ष हिशेबनिसाच्या सवयीने एकाच गोष्टीकडे होतं: या माणसाला पुढची पायरी कोणी दाखवली? जवळजवळ प्रत्येक वेळी परक्याने. आधीच्या गावी झालेली थोडकी ओळख, एखादी शिफारस, एखादा पत्ता. पण भेटणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं की हा मनुष्य एक गोष्ट जीव तोडून शिकतोय, आणि ती गोष्ट तेव्हा हिंदुस्थानात फारच थोड्यांना येत होती. "मिळकत दुप्पट करा" छापाच्या मार्गदर्शकांना मात्र कोसंबी अजिबात परवडणारे नाहीत. कलकत्त्यातली नोकरी सोडून, आपल्या लोकांत राहता यावं म्हणून, पन्नास रुपयांवर यायला तयार झालेला हा गृहस्थ आहे.

माझं तसलं काही नाही. मला पैसे हवे होते, आणि ते मागायला मला जीभ रेटत नव्हती, हा आमच्या घराचा वारसा. बाबांनी आयुष्यात कधी पगारवाढ मागितली नाही. साहेबाला स्वतःला दिसत नाही का, असं ते म्हणायचे. साहेबाला दिसत नाही. साहेबाला त्याच्या स्वतःच्या साहेबाचं तोंड दिसतं. बाणावलीच्या हॉटेलात असताना मी वर्षभरात काय काय केलं याचा एक कागद ठेवायला लागलो. कुठल्या ऑनलाइन बुकिंग कंपनीच्या कमिशनमधला फरक पकडला, कुठला परतावा अडकला होता तो सोडवला, किती रुपये. मार्चमध्ये तो कागद पुढे ठेवला. घसा कोरडा होता, पण आकडा कागदावर होता म्हणून तो तोंडाने म्हणावा लागला नाही.

मदत मागण्याचंही तसंच. फ्रँक फ्लिन आणि व्हेनेसा लेक या दोघांनी 2008 मध्ये एक गमतीदार प्रयोग छापला. अनोळखी लोकांकडून पाच प्रश्नावल्या भरून घ्यायच्या तर किती जणांना विचारावं लागेल, असं त्यांनी विद्यार्थ्यांना आधी विचारलं. विद्यार्थ्यांचा अंदाज साधारण वीस. प्रत्यक्षात दहाच्या आसपास जणांना विचारून काम झालं. लोक नाही म्हणतील ही आपली भीती वस्तुस्थितीच्या दुप्पट असते, असं त्यातून दिसतं. आता सरकारी कामाची शंका असो की नवीन सॉफ्टवेअरची, ओळख नसलेल्या माणसालाही मी सरळ विचारतो. फक्त प्रश्न एकच, नेमका, आणि त्याला दोन मिनिटांत उत्तर देता येईल असा. "जरा मार्गदर्शन करा" याला कोणीच उत्तर देत नाही, मीही देत नाही.

पुढे जीएसटी प्रॅक्टिशनरची परीक्षा दिली आणि नोकरी सांभाळून छोट्या गेस्ट हाऊसची, होम-स्टेची विवरणपत्रं भरायला लागलो. हे काम जवळच्या माणसांमुळे मिळेल असं वाटलं होतं. मिळालं ते लांबच्यांमुळे, आणि जवळचे आले ते फुकट करून घ्यायला. आपल्याकडे घट्ट ओळखीचा हा एक खर्च असतो, जो कुठल्याच शोधनिबंधात मला दिसला नाही. "आपलाच मनीस" म्हटलं की बिल फाडायचं नसतं. शेजाऱ्याने डॉक्टरला तपासणीचे पैसे द्यायला हरकत नसते, वकिलालाही देतात कुरकुरत, पण हिशेब लिहिणाऱ्याला? "दोन बटणं तर दाबायची असतात."

माझ्या आतेभावाचं हरमलला समुद्रापासून थोडं आत गेस्ट हाऊस आहे. तो वर्षभर बिलांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा, उलटे, अर्धे कापलेले, एकावर माशाच्या कालवणाचा डाग, आणि शेवटच्या तारखेच्या रात्री फोन. मी करून द्यायचो. आत्याने लहानपणी खाऊ घातलेलं आठवायचं. 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 पर्यंतच्या खोल्यांवरचा, मधल्या काळात 12 वर आलेला दर 5 टक्क्यांवर आला, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट गेली. त्याला वाटलं आता सगळं सोपं झालं. उलट त्याचा नवा एसी, गाद्या, धुलाईचं बिल यांवरचा कर आता त्याच्याच अंगावर बसणार होता आणि भाडं पुन्हा मांडून बघायला हवं होतं. मी दोन रात्री बसून त्याचा अख्खा हिशेब मांडून दिला, कुठल्या खोलीचा भाव काय ठेवायचा इथवर. आणि त्याखाली बिल जोडलं. परक्याला लावतो त्याहून कमी, पण बिल.

त्याने ते बघितलं, निळी खूण दिसली, आणि गप्प बसला. दिवाळीला आला नाही. आत्याचा आईला फोन आला, इकडचं तिकडचं बोलणं झालं, मधे एक वाक्य "शिकलेली पोरं आता हिशेब बघतात" असं. आई माझ्याकडे बघत राहिली, मी वर्तमानपत्रात डोकं घातलं.

हंगाम सुरू झाला तेव्हा पैसे खात्यात आले, पूर्ण. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. मांद्र्याचे दोघे आणि केरीचा एक, त्याच्या ओळखीचे, तिघांचीही गेस्ट हाऊस, तिघांचाही गोंधळ. नंबर पाठवतो म्हणाला. मी विचारलं, "तुझी माणसं आहेत, कसं करू?"

"हांकांय बील दी," तो म्हणाला. "म्हाका दिल्लें तशें. उणें करूं नाका."